संत इग्नेशियस लोयोला : निराशेच्या रात्रीतून वाट काढणारा यात्रिक

दरवर्षी ३१ जुलै रोजी अखिल ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक, 'आध्यात्मिक साधना' ह्या जगविख्यात ग्रंथाचे कर्ते आणि संत फ्रान्सिस झेवियर ह्यांना हिंदुस्थानात धाडणारे संघप्रमुख, ही त्यांची ओळख आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून असते. चित्रांतून आणि पुतळ्यांतून ते आपल्याला धीरगंभीर, निश्चयी आणि शांत दिसतात. परंतु हाच पुरुष वयाच्या सुमारे एकतिसाव्या वर्षी जीवन नकोसे होऊन मृत्यूच्या उंबरठ्यावर उभा राहिला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ही गोष्ट कोणा टीकाकाराने शोधून काढलेली नाही. आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १५५३ ते १५५५ ह्या काळात, इग्नेशियस ह्यांनी स्वतःच ती आपले सहकारी फादर लुईस गोन्साल्विस दा कामारा ह्यांना सांगितली आणि त्यांनी ती लिहून ठेवली.

आज आपल्या अनेक कुटुंबांत नैराश्याचा आजार शिरलेला आहे. एरवी हसतमुख असलेली गृहिणी अंथरुणातून उठेनाशी होते, हुशार मुलगा पुस्तकाला हात लावेनासा होतो, रविवारी पहिल्या बाकावर बसणारे गृहस्थ देवळात येईनासे होतात. घरचे लोक ते झाकून ठेवतात. ज्यांना कळते त्यांपैकी काही जण म्हणतात, ह्यांची श्रद्धा कमी पडली, ह्यांनी प्रार्थना वाढवावी. अशा वेळी संत इग्नेशियस ह्यांचे चरित्र आपल्याला एक मोलाचा धडा देते. त्यांच्या निराशेच्या काळात त्यांची प्रार्थना मुळीच कमी पडलेली नव्हती. ते दिवसाचे सात तास गुडघ्यांवर असत. त्यांची सुटका झाली ती शरीर, मन, आत्मा आणि सोबत ह्या चारही गोष्टींची घडी पुन्हा नीट बसल्यानंतर.

चारशेहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तीच्या आजाराला आजच्या वैद्यकशास्त्रातील नाव देण्याचा अट्टाहास आपण करू नये. मात्र त्यांनी जे भोगले आणि त्यातून जे ते शिकले, ते आजही दुःखी मनाला उपयोगी पडणारे आहे.

राजदरबाराची स्वप्ने

इग्नेशियस ह्यांचा जन्म १४९१ साली स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रांतात, आझ्पेतिया गावाजवळील लोयोला येथील गढीत झाला. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. जन्मानंतर लवकरच त्यांना मातृवियोग झाला आणि गावातील लोहाराच्या पत्नीने त्यांना दूध पाजून वाढविले. सोळा वर्षांचे होताहोताच पितृछत्रही हरपले. त्यांना आरेव्हालो येथे राजाचे खजिनदार हुआन व्हेलाझ्केझ ह्यांच्या घरी दरबारी रीतभात शिकण्यासाठी ठेवण्यात आले होते. तलवारबाजी, शौर्यकथा, उंची वस्त्रे आणि स्त्रियांचे कौतुक मिळविण्याची हौस ह्यांत त्यांचे तारुण्य गेले. १५१७ साली राजमर्जी गमावलेल्या व्हेलाझ्केझ ह्यांचे निधन झाले आणि इनिगो नव्हाराच्या व्हाइसरॉयच्या चाकरीत दाखल झाले.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच सैन्याने हल्ला केला. शरण जाण्याचा विचार इतरांच्या मनात आला असताना इनिगो ह्यांनी लढण्याचा आग्रह धरला. तोफेच्या गोळ्याने त्यांचा उजवा पाय मोडला आणि डावाही जखमी झाला. फ्रेंच सैनिकांनी त्यांना सन्मानाने वागविले आणि घरी पोहोचविले. पाय नीट बसला नव्हता म्हणून तो पुन्हा मोडून बसवावा लागला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. जूनच्या अखेरीस ते मरणाच्या दारात होते. संत पेत्राच्या सणाच्या सुमारास त्यांना उतार पडला. पुढे गुडघ्याखाली एक हाड वर आलेले राहिले, तेव्हा घट्ट बूट घालता यावेत एवढ्यासाठी त्यांनी ते कापवून घेतले. इतके करूनही ते जन्मभर लंगडतच राहिले.

ह्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांना शौर्यकथा वाचायच्या होत्या. परंतु गढीत मिळाली ती प्रभू ख्रिस्ताचे चरित्र आणि संतचरित्रे. वाचता वाचता ते दिवास्वप्ने पाहू लागले. कधी एका थोर घराण्यातील स्त्रीची सेवा करण्याची, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक ह्यांच्यासारखे होण्याची. दोन्ही स्वप्ने रंगवीत असताना सारखाच आनंद होई. मात्र पहिले संपल्यावर मन कोरडे पडे आणि दुसरे संपल्यावरही प्रसन्न राही. स्वतःच्या मनाकडे असे बारकाईने पाहण्याची सवय त्यांना ह्या आजारपणाने लावली. पुढे हीच सवय त्यांचा जीव वाचविणार होती.

मान्रेसा : आनंदाचे दिवस आणि शंकांचे वादळ

१५२२ च्या मार्च महिन्यात ते मॉन्सेरातच्या मारियामातेच्या मठात आले. संपूर्ण आयुष्यातील पापे त्यांनी लिहून काढली आणि तीन दिवस पापनिवेदन केले. आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली, तलवार मातेच्या वेदीपाशी ठेवली आणि २४ मार्चची रात्र जागरणात घालविली. तेथून ते जवळच्या मान्रेसा ह्या गावी गेले. काही दिवसच तेथे राहावे असा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात सुमारे अकरा महिने लागले.

मान्रेसात ते भिक्षा मागून जगत. मांस आणि मद्य त्यांनी सोडले. मध्यरात्री उठून प्रार्थना, दिवसाला सात तास गुडघ्यांवर, अंगावर आसूड. दरबारात केसांची फार निगा राखत असू, म्हणून त्यांनी केस विंचरणे सोडले. हातापायांची नखेही वाढू दिली. पहिले काही महिने मन अगदी शांत होते. मग एके दिवशी एक विचार मनात शिरला : अजून सत्तर वर्षे जगायचे झाले तर हे कष्ट तू कसे सोसणार? त्यांनी तो विचार परतवून लावला. परंतु त्यानंतर मनाचे हेलकावे सुरू झाले. आज प्रार्थनेत गोडी, तर उद्या सारे रुक्ष. कोणीतरी खांद्यावरचा अंगरखा काढून दुसरा चढवावा तसा हा बदल अचानक होई.

नंतर पापशंकांनी त्यांना घेरले. मॉन्सेरातला इतक्या काळजीने केलेल्या पापनिवेदनात काहीतरी राहून गेले असेल काय? त्यांनी पुन्हा पापनिवेदन केले, तरी समाधान होईना. एक पाप आठवले की त्यामागून दुसरे आठवे. अगदी स्पष्ट आठवते तेवढेच सांगा, जुने उकरू नका, असे धर्मगुरूंनी सांगितले. पण त्यांना तर सारेच स्पष्ट आठवत होते. जुने काहीही सांगू नका अशी आज्ञाच आपल्याला मिळाली तर आपण सुटू, हे त्यांना मनोमन कळत होते. मात्र तसे धर्मगुरूंना सुचविण्याचे धाडस त्यांना होत नव्हते. दुःखी माणसाची ही अवस्था आपण ओळखायला हवी. उपाय अनेकदा त्याच्या ओठांवर असतो. परंतु मागण्याचे बळ त्याच्याकडे नसते.

अंधारातील आठवडा

त्या काळात ते डॉमिनिकन मठातील एका लहान खोलीत राहत होते. तेथे त्यांच्या मनात स्वतःचा जीव संपविण्याचे विचार वारंवार आणि जोराने येऊ लागले. असे करणे म्हणजे परमेश्वराचा अपराध आहे हे ते जाणत होते आणि मी तुला दुखावणार नाही, असे ते देवाला मोठ्याने सांगत. ते विचार थांबत नव्हते. पण प्रत्येक वेळी त्यांनी ते उत्तर दिले. सुटकेसाठी ते इतके व्याकूळ झाले होते की एखाद्या कुत्र्याच्या पिलाच्या मागून गेल्याने उपाय सापडत असेल तर तसेही करण्याची त्यांची तयारी होती.

त्यांना एका संताची कथा आठवली. त्या संताने मागणे पूर्ण होईपर्यंत उपवास केला होता. इनिगो ह्यांनीही तसेच करायचे ठरविले. रविवारी मिस्सानंतर त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. पूर्ण आठवडा घशाखाली काही उतरले नाही. शिवाय सात तासांची प्रार्थना आणि मध्यरात्रीचे जागरण चालूच. जे मन आधीच थकले होते, त्याच्यावर त्यांनी भुकेचा आणि जागरणाचा बोजा चढविला.

पुढच्या रविवारी त्यांनी हे सारे धर्मगुरूंना सांगितले. धर्मगुरूंनी उपवास ताबडतोब सोडण्याची आज्ञा केली; सोडला नाही तर पापमुक्ती देणार नाही, असेही बजावले. अंगात अजून ताकद आहे असे इनिगो ह्यांना वाटत होते, तरी त्यांनी आज्ञा मानली आणि ते जेवले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शंका नाहीशा झाल्या. तिसऱ्या दिवशी त्या परतल्या. पापांची माळ पुन्हा सुरू झाली आणि शेवटी आपण पत्करलेल्या जीवनाचाच त्यांना उबग आला. सारे सोडून द्यावे असे वाटू लागले.

नेमक्या ह्या क्षणी, झोपेतून जाग यावी तसे ते भानावर आले. हा विचार माझ्या मनात आला कोणत्या वाटेने, आणि मला नेतो आहे कोठे? लोयोलातील आजारपणात लागलेली सवय येथे कामी आली. पश्चात्तापाचे रूप घेऊन आलेली ही शंका आपल्याला परमेश्वराकडे नव्हे, तर जीवनाच्या तिटकाऱ्याकडे नेत आहे, हे त्यांना स्पष्ट दिसले. गतजीवनातील पापांचे पुन्हा निवेदन करायचे नाही, असा त्यांनी ठाम निश्चय केला आणि ते त्या छळातून मुक्त झाले. ही परमेश्वराची दया होती, अशी त्यांची अखेरपर्यंत श्रद्धा होती. त्या दयेने धर्मगुरूंची आज्ञा, एक वेळचे जेवण आणि विचारशक्ती ह्या साध्या साधनांचा उपयोग केला, हेही आपण विसरू नये.

शरीराशी समेट

ह्यानंतर मान्रेसात जे घडले ते चरित्रकार दोन ओळींत आटोपतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. रात्री झोपायला गेले की त्यांना मोठमोठी आध्यात्मिक दर्शने आणि सांत्वने लाभत आणि आधीच तुटपुंजी असलेली झोप उडून जाई. त्यांनी विचार केला : देवाशी बोलण्यासाठी दिवसाचा एवढा वेळ राखून ठेवलेला आहे, झोपेचा वेळ झोपेसाठी आहे. जे झोप हिरावून घेते ते चांगल्या ठिकाणाहून येत असेल काय, अशी त्यांना शंका आली आणि ते विचार बाजूला सारून ते झोपू लागले.

मांस न खाण्याचे व्रत त्यांनी सोडले. हा मोह तर नव्हे ना, हे धर्मगुरूंनी त्यांना तपासून पाहायला सांगितले. विचारांती तो मोह नसल्याची त्यांची खात्री झाली. आपल्या बोलण्याने लोकांना लाभ होतो आहे हे दिसल्यावर त्यांनी केस आणि नखे कापली. कार्दोनेर नदीच्या काठी बसले असताना त्यांच्या बुद्धीला असा प्रकाश लाभला की जन्मभर मिळालेले सारे ज्ञान एकत्र केले तरी ते त्या एका प्रसंगाएवढे होणार नाही, असे त्यांना म्हातारपणी वाटत असे. हा प्रकाश त्यांना अंधारातून बाहेर आल्यानंतर लाभला.

त्या हिवाळ्यात ते गंभीर आजारी पडले. गावातील स्त्रियांनी रात्री जागून त्यांची शुश्रूषा केली आणि जाड्याभरड्या कापडाचे गरम अंगरखे, टोपी आणि पादत्राणे घालायला लावली. काही महिन्यांपूर्वी अंगावर आसूड ओढणाऱ्या ह्या माणसाने ती निमूटपणे घातली. मात्र अतिरेकी उपवासांची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. पोटाच्या दुखण्याने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही. म्हणूनच ते पुढे इतरांना शरीर जपण्याचा आग्रह करीत राहिले.

पॅरिसचा खोलीसोबती

१५२३ साली ते पवित्र भूमीला जाऊन आले. परतल्यावर, तेहतीस वर्षांच्या वयात, बार्सिलोनामध्ये लहान मुलांच्या बरोबरीने बसून त्यांनी लॅटिनचे धडे गिरविले. अल्काला आणि सालामांका येथे धर्मन्यायसभेच्या चौकश्यांना आणि तुरुंगवासाला तोंड दिले. १५२८ साली ते पॅरिसला पोहोचले. दुसऱ्या वर्षी सेंट बार्बरा महाविद्यालयात त्यांना दोन तरुण खोलीसोबती लाभले. एक नव्हाराचा उमदा सरदारपुत्र फ्रान्सिस झेवियर आणि दुसरा सव्हॉय प्रांतातील मेंढपाळ कुटुंबातील पीटर फेबर.

फेबर मनाने हळवे होते. जुन्या पापांच्या शंका त्यांना छळत. पुढे काय करावे हे त्यांना ठरविता येत नसे. कधी विवाह करावा असे वाटे, कधी वैद्य व्हावे, कधी वकील, कधी मठवासी. मान्रेसात आपण जे भोगले तेच इग्नेशियस ह्यांना समोरच्या खाटेवर दिसत होते. त्यांनी फेबरना मोठमोठी तपे सांगितली नाहीत किंवा घाईने 'आध्यात्मिक साधना'ही दिली नाही. एकदा संपूर्ण पापनिवेदन करावे, मग दर आठवड्याला पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीर, रोज रात्री दिवसाचा आढावा, एवढेच त्यांनी सांगितले. हा क्रम सुमारे चार वर्षे चालला. फेबर इग्नेशियसना तत्त्वज्ञान शिकवीत आणि इग्नेशियस फेबरना त्यांचे मन वाचायला शिकवीत.

१५३४ च्या हिवाळ्यात फेबर साधनेला बसले. थंडी अशी होती की सीन नदी गोठली होती. उत्साहाच्या भरात फेबरनी सहा दिवस काही खाल्ले नाही आणि शेकोटीही पेटविली नाही. इग्नेशियस भेटीला आले, त्यांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी फेबरना शेकोटी पेटवून जेवायला लावले. मान्रेसातील धर्मगुरूंनी आपल्यावर जो उपकार केला, तोच त्यांनी मित्रावर केला. त्याच वर्षी ३० मे रोजी फेबर धर्मगुरू झाले. साधना देण्यात फेबर ह्यांचा हात कोणी धरू शकत नाही, असे इग्नेशियस मानीत. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१३ साली फेबर ह्यांना संत म्हणून घोषित केले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी व्रते घेतली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि दुसऱ्या वर्षी इग्नेशियस संघाचे प्रमुख निवडले गेले. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. दूरदेशी एकाकी पडलेल्या झेवियर ह्यांनी मित्रांच्या पत्रांवरील सह्या कापून त्या आपल्या छातीशी बाळगल्या होत्या. थोर संतांनाही सोबतीची गरज असते, हे गोव्याच्या त्या लाडक्या संताने दाखवून दिले आहे.

अनुभवातून घडलेले नियम

मान्रेसात टिपून ठेवलेल्या अनुभवांतून 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ आकाराला आला आणि १५४८ साली पोपमहोदयांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. त्यात मनातील प्रेरणा ओळखण्यासाठी नियम दिलेले आहेत. जेव्हा अंतःकरण काळोखते, आशा आणि प्रेम आटल्यासारखे वाटते, मन आळसावते आणि आपण परमेश्वरापासून तुटलो आहोत असे वाटते, त्या अवस्थेला ते औदासीन्य म्हणतात. आध्यात्मिक औदासीन्य आणि नैराश्याचा आजार ह्या दोन्ही एकच गोष्टी नव्हेत. आजारावर वैद्यकीय उपचार लागतात. मात्र दोन्ही अवस्थांतील माणसाला ह्या नियमांचा आधार मिळू शकतो.

पहिली सूचना अशी की अंधारात असताना पूर्वी घेतलेला निर्णय बदलू नये; प्रकाशात जे ठरविले त्याला धरून राहावे. लग्न मोडणे, नोकरी सोडणे, व्रतस्थ जीवनाकडे पाठ फिरविणे, असे निर्णय निराशेच्या भरात घेतले जातात आणि पुढे पश्चात्ताप होतो. दुसरी सूचना धीराची. ही अवस्था कायमची नाही, सांत्वन परत येईल, असे मनाला सांगत राहावे. प्रार्थनेला थोडा अधिक वेळ द्यावा आणि योग्य तेवढे तपही करावे, असे ते सांगतात. पण तपाने शरीराची हानी होता कामा नये, हेही बजावतात. तिसरी सूचना सर्वांत मोलाची आहे. मनातील अंधार गुप्त राहावा अशी सैतानाची इच्छा असते. म्हणून तो जाणत्या आणि विश्वासू व्यक्तीपाशी उघड करावा. चौथी सूचना त्यांच्यातील जुन्या सैनिकाने लिहिली आहे. शत्रू गढीला वेढा घालतो तेव्हा तिची कच्ची बाजू शोधतो. म्हणून आपली कच्ची बाजू आपल्याला आधीच ठाऊक असावी.

साधना देणाऱ्यालाही त्यांनी बजावले आहे. समोरची व्यक्ती औदासीन्यात असेल तर तिच्याशी कठोरपणे वागू नये, तिला धीर द्यावा. शिवाय ज्याला जेवढे झेपेल तेवढेच द्यावे.

पत्रांतून दिलेला धीर

बार्सिलोनातील एका मठात तेरेसा रेजादेल नावाच्या धर्मभगिनी होत्या. शंकांनी आणि उदासीने त्या त्रस्त झाल्या होत्या. १५३६ साली व्हेनिसहून इग्नेशियस ह्यांनी त्यांना पत्रे लिहिली. खोट्या नम्रतेचा बुरखा घालून येणाऱ्या भीतीला कसे ओळखावे, हे त्यांनी समजावून सांगितले. पुढच्या पत्रात त्यांनी ध्यानामुळे थकलेल्या शरीराचा प्रश्न घेतला. पुरेसे अन्न, पुरेशी झोप आणि मनाला विसावा देण्याचा सल्ला दिला. निरोगी शरीराने देवाची सेवा अधिक करता येते, असे त्यांचे सांगणे होते.

गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया, जे पुढे स्वतः येशूसंघाचे प्रमुख आणि संत झाले, ते कडक उपवास आणि आत्मताडन करीत. १५४८ साली इग्नेशियस ह्यांनी त्यांना प्रार्थनेचा वेळ निम्मा करण्यास, पोटभर जेवण्यास आणि रक्त निघेल असे आसूड न ओढण्यास सांगितले. शरीर आणि आत्मा दोन्ही परमेश्वराने दिलेले आहेत आणि दोहोंचा हिशेब त्यालाच द्यायचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. येशूसंघाच्या संविधानात शरीराच्या जपणुकीसाठी त्यांनी एक स्वतंत्र प्रकरणच घातले. विद्यार्थ्यांना आणि आजारातून उठलेल्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून, पैशांची चणचण असतानाही, त्यांनी रोममध्ये एक मळा विकत घेतला.

स्वतःच्या बाबतीतही ते वैद्यांचा शब्द मानीत. मिस्सा अर्पण करताना त्यांच्या डोळ्यांतून अखंड अश्रू वाहत. दृष्टी जाण्याचा धोका आहे असे वैद्यांनी सांगताच त्यांनी अश्रू आवरण्याचा प्रयत्न केला. परमेश्वराचे दान मानलेल्या गोष्टीलाही त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने मर्यादा घातली.

एकदा वैद्यांनी त्यांना मन उदास करणारे विचार टाळण्यास सांगितले. मला उदास करील असे काय आहे, ह्याचा त्यांनी विचार केला. येशूसंघ पाण्यात मीठ विरघळावे तसा नाहीसा झाला तरच, असे त्यांना आढळले. आणि तसे झाले तरी पाव तास प्रार्थनेत बसलो की आपण सावरू, असे त्यांना वाटले. १५५५ च्या मे महिन्यात कार्डिनल काराफा हे पोप चौथे पॉल म्हणून निवडले गेले. इग्नेशियसशी त्यांचे जुने मतभेद होते. बातमी ऐकताच इग्नेशियसना अंतर्बाह्य हादरा बसला. काही न बोलता ते चॅपलमध्ये गेले आणि थोड्याच वेळात प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. भीती त्यांनाही वाटली. परंतु तिला बरोबर घेऊन कोठे जायचे हे त्यांना आता ठाऊक होते.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे रोममध्ये त्यांनी शांतपणे देह ठेवला. १२ मार्च १६२२ रोजी फ्रान्सिस झेवियर ह्यांच्यासमवेत त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १९२२ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यांना आध्यात्मिक साधनेचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

आपल्यासाठी बोध

दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, विनाकारण अपराधी वाटणे, थकवा आणि मरणाचे विचार ही नैराश्याची लक्षणे आहेत. नैराश्य हा आजार आहे. ते पाप नाही आणि श्रद्धेच्या अभावाची खूणही नाही. मधुमेह झालेल्या माणसाला आपण केवळ नोव्हेना करायला सांगत नाही, डॉक्टरांकडेही नेतो. मनाच्या आजारातही तसेच करावे. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. समुपदेशन, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, थोडे चालणे, साधी प्रार्थना आणि संस्कारांचा आधार हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. संत इग्नेशियस ह्यांनी ह्यांतील कशालाही कमी लेखले नाही.

ज्यांच्या घरातील व्यक्तीने निराशेच्या भरात जीवन संपविले आहे, त्यांच्याशी आपण विशेष मायेने वागावे. मनाचा गंभीर आजार माणसाची जबाबदारी कमी करतो आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आशा सोडू नये, अशी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाची शिकवण आहे. भारतातील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी मदत देण्याची भूमिका घेतली आहे. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मदत मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. मरणाचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही न थांबता कोणाला तरी सांगावे.

आणि आपल्या शेजारी, आपल्या वाडीत, आपल्या धर्मग्रामात कोणी असे मूकपणे झुरत असेल, तर त्याला प्रवचन देण्याआधी आपण त्याच्याजवळ बसावे, तो जेवला आहे काय, त्याला झोप लागते काय हे विचारावे. मान्रेसाच्या त्या धर्मगुरूंचे नाव आज बहुतेकांना ठाऊक नाही. एका उपाशी, थकलेल्या तरुणाचे त्यांनी ऐकून घेतले आणि त्याला जेवायला सांगितले. त्यांच्या त्या साध्या कृतीने ख्रिस्तसभेचा एक थोर संत वाचला.

हे प्रभू, संत इग्नेशियसच्या मध्यस्थीने, मनाच्या अंधारात चाचपडणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना प्रकाश दे, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना कौशल्य दे आणि आम्हां सर्वांना ऐकून घेणारे अंतःकरण दे. आमेन.